"रेंज किती देते?" : इलेक्ट्रिक गाडीच्या वादात उतरण्याआधी

पुण्यात गाडी घेणं ही घरातल्यांपुरती गोष्ट राहत नाही. त्यात ती इलेक्ट्रिक असेल तर सोसायटीचे सेक्रेटरी, ऑफिसातले सहकारी, मामेसासरे आणि चहाच्या टपरीवर शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस, सगळ्यांची मतं तयार असतात. वाद रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते याचा. एक म्हणतो, "चारशे देते आरामात." दुसरा म्हणतो, "कसलं काय, अडीचशेला दम टाकते." बरेचदा दोघंही खरंच बोलत असतात. पहिला कोथरूड ते कॅम्प करतो, दुसरा दर शनिवारी एक्स्प्रेसवेने ठाण्याला जातो.

या वादात नव्याने उतरणाऱ्याने एकच सवय लावून घ्यावी. कोणी आकडा फेकला की तो कुठल्या रस्त्यावरचा, किती वेगाचा आणि किती टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंतचा, हे आधी विचारायचं. मत नंतर द्यायचं. ते कसं, ते पायरीपायरीने बघू.

पायरी १ : किलोमीटर बाजूला ठेवा, युनिटमध्ये बोला

बॅटरीचं माप किलोवॉट-अवरमध्ये असतं, म्हणजे घरच्या वीजबिलावर असतं तेच युनिट. चाळीस युनिटची बॅटरी म्हणजे टाकी चाळीसची. आता प्रश्न उरतो, गाडी शंभर किलोमीटरला किती युनिट खाते.

समजा, चाळीस युनिटची गाडी ९० टक्क्यांवर निघाली आणि १०० किलोमीटर जाऊन ५५ टक्क्यांवर पोचली. ३५ टक्के खर्च झाले, म्हणजे १४ युनिट. शंभरला चौदा. हा आकडा एकदा हातात आला की दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करता येते, मग त्याची बॅटरी लहान असो की मोठी. नुसत्या रेंजवर भांडणारे दोघे बरेचदा एकमेकांच्या टाकीच्या मापावर भांडत असतात आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही.

मध्यम आकाराच्या एसयूव्हीला शहरात शंभरला साधारण अकरा ते चौदा आणि शंभरच्या वेगाने हायवेवर सोळा ते एकोणीस युनिट लागतात, एवढं डोक्यात ठेवा. कोणी हायवेवर शंभरला आठचा दावा केला तर त्याला आणखी एक चहा पाजा आणि वेग किती होता ते विचारा.

एक सूचना. डॅशबोर्डवर जो 'उरलेले किलोमीटर' असा आकडा दिसतो तो गाडीने मागच्या प्रवासावरून बांधलेला अंदाज असतो. आठवडाभर पेठांमधून फिरलेली गाडी सोमवारी ३२० दाखवेल आणि देहूरोड ओलांडून एक्स्प्रेसवेला लागल्यावर तो आकडा घसरायला लागेल. टक्के बघा, किलोमीटर बघू नका.

पायरी २ : टेकडीवरचा आकडा समजून घ्या

'एआरएआय रेंज' हा शब्द देशभर चालतो, पण ती संस्था आपल्याच गावची. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना तिचा परिसर माहीत असतो. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, १९६६ पासून आहे, आणि गाडीचा अधिकृत आकडा तिथे किंवा तिच्यासारख्या मान्यताप्राप्त संस्थेत ठरतो.

चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात. या आलेखाचे दोन भाग आहेत: पहिला शहरातला, थांबत-थांबत जाणारा, दुसरा शहराबाहेरचा, आणि त्यातही कमाल वेग ताशी ९०. एसी बंद. घाट नाही, मागच्या सीटवर आजी नाहीत, टपावर सामान नाही.

त्यामुळे गणित करून बघण्यात मजा आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटांच्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची आणि जाहीर रेंज ३१२. भागाकार करा: शंभरला ९.७ युनिट. २०१९ च्या ह्युंदाई कोनाची बॅटरी ३९.२ आणि रेंज ४५२, म्हणजे शंभरला ८.७. मुंबई-पुणे हायवेवर हे आकडे कोणालाही मिळत नाहीत. म्हणून कंपन्यांनी फसवलं असंही म्हणता येत नाही, कारण सगळ्यांना तीच परीक्षा होती आणि ती सोपी होती.

२०२४ पासून कंपन्या नुसत्या शहरी भागाऐवजी दोन्ही भाग मिळून आलेली रेंज सांगू लागल्या. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई ला ७९ युनिटच्या बॅटरीवर ६५६ किलोमीटर जाहीर झाले ते असे. भागाकार शंभरला १२ चा येतो. गाडी मोठी आहे हे धरलं तर बराच प्रामाणिक आकडा. टाटांनी आणखी एक पाऊल टाकून 'सी७५' नावाचा स्वतःचा अंदाज द्यायला सुरुवात केली: चारातल्या तिघा ग्राहकांना प्रत्यक्षात किती मिळेल, तो. कर्व्हच्या ५५ युनिटवाल्या गाडीला जाहिरातीत ५८५ होते, आणि कंपनीचाच सी७५ अंदाज ४०० ते ४२५. तेव्हा जुन्या गाडीची शहरी भागावरची रेंज आणि नव्या गाडीची दोन्ही भागांची रेंज शेजारी मांडून "ही पुढे, ती मागे" असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबवा.

पायरी ३ : वेग, एसी आणि घाट

वादातला खरा मसाला इथे आहे, म्हणून जरा रेंगाळू.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की दर किलोमीटरला हवेशी झगडण्यात दीडपटीहून जास्त ऊर्जा जाते. १२० केलेत तर सव्वादोनपट. एक्स्प्रेसवेवर सपाटीला १०० ची मर्यादा आहे आणि कॅमेरेही आहेत, त्यामुळे १२० चा अनुभव सांगणारा माणूस दंडाची पावतीही बाळगून असावा. पेट्रोल गाडीत हा फरक इतका जाणवत नाही, कारण तिचं इंजिन शहरातच एवढं पेट्रोल वाया घालवतं की हायवेवर ॲव्हरेज उलट सुधारतं. इलेक्ट्रिकचं उलटं असतं: शहरात काटकसरी, हायवेवर खादाड. नवख्या माणसाला हे पचायला वेळ लागतो आणि अर्धे गैरसमज इथूनच निघतात.

एसीबद्दल मात्र लोक हमखास उलट बोलतात. "हायवेवर एसी लावला की रेंज गेली" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. एसी तासावर खातो, किलोमीटरवर नाही. ताशी एक युनिट धरा. एक्स्प्रेसवेवर ९० ने जाताना तासाभरात ९० किलोमीटर कापता, म्हणजे एसीच्या वाट्याला शंभरला जेमतेम १.१ युनिट. हिंजवडीहून संध्याकाळी सहाला निघून तासात २० किलोमीटर सरकलात, तर त्याच एसीने शंभरला पाच युनिटच्या हिशोबाने खाल्लं. म्हणजे एसी नडतो तो वाकडच्या पुलाखाली, खालापूरला नव्हे.

आता घाट. गाडी, चार माणसं आणि बॅगा मिळून १,८०० किलो धरा. खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. एवढं वजन ५६० मीटर वर उचलायला शाळेतल्या सूत्राने पावणेतीन युनिट लागतात. मोटर आणि इन्व्हर्टरमधली गळती धरली की तीनच्या पुढे. चाळीसच्या बॅटरीतले आठ टक्के निव्वळ चढाला गेले. ही किंमत नेहमीच्या खर्चाच्या वर. चढताना स्क्रीनवरचा तात्कालिक खपाचा आकडा शंभरला तीसच्या वर जातो आणि शेजारी बसलेली व्यक्ती विचारते, "पोचू ना?" पोचता. लोणावळ्यानंतर तो आकडा खाली येतो.

उतरताना यातलं काही परत मिळतं. रिजन, म्हणजे ब्रेकिंगच्या वेळी मोटरने जनरेटर होऊन बॅटरी भरणं, चालू असेल तर बोरघाट उतरून खोपोलीला पोचेपर्यंत दोन-तीन टक्के वाढलेलेसुद्धा दिसतात. चढताना गेलेलं सगळं येत नाही. म्हणूनच पुण्याहून मुंबईला जातानाचा आकडा आणि मुंबईहून पुण्याला येतानाचा आकडा हे दोन वेगळे आकडे आहेत. शुक्रवारी जाताना मिळालेल्या खपाच्या भरवशावर रविवारी रात्री काठावरचा चार्ज घेऊन पनवेल सोडू नका.

आणि ही गोष्ट फारसं कोणी सांगत नाही: लोणावळ्यातल्या हॉटेलात रात्रभर चार्जरची गन लावून शंभर टक्के केलेत आणि सकाळी मुंबईकडे उतरलात, तर रिजन जवळपास चालत नाही. भरलेल्या बॅटरीत आणखी भरणार कुठे? ऊर्जा वाया जाते, शिवाय पाय सोडला की गाडी हळू होण्याची सवय लागलेल्या चालकाला ती अचानक मोकळी सुटल्यासारखी वाटते आणि साध्या ब्रेकवर सगळा भार येतो. उतरणीच्या वर मुक्काम असेल तर पंच्याऐंशीवर थांबा.

टायरमधली कमी हवा, टपावरचं कॅरिअर, समोरून वारा, पावसात भिजलेला रस्ता या सगळ्यांनी खप वाढतो. प्रत्येकाचा वाटा थोडा, पण एकत्र आले की वीस-पंचवीस किलोमीटर खातात.

पायरी ४ : चार्जिंगवर बोलताना

गाडीची क्षमता आणि चार्जरची क्षमता यांतली जी लहान, तेवढाच वेग मिळतो. १७५ किलोवॉट घेऊ शकणारी गाडी ६० च्या चार्जरला लावली तर ६०. १२० चा चार्जर असेल आणि शेजारच्या गनवर दुसरी गाडी आली तर बरेच चार्जर निम्मं-निम्मं वाटतात. फूड मॉलवर वडापाव हातात घेऊन स्क्रीन बघत उभे राहा: किलोवॉटचा आकडा ऐंशी टक्क्यांच्या पुढे उतरायला लागतो. शेवटचे वीस टक्के भरण्यात तुमचा वेळ जातो आणि मागे रांगेत असलेल्याचा संयम.

घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॉटने चाळीसची बॅटरी बारा-तेरा तासांत भरते, ७.२ किलोवॉटच्या चार्जर-बॉक्सवर सहा तासांत. बाणेरच्या सोसायटीत स्वतःच्या पार्किंगला मीटर असलेल्याने सदाशिव पेठेत रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला "अहो, घ्या की इलेक्ट्रिक" म्हणू नये. घरी चार्जिंग नसेल तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या जवळजवळ निरर्थक ठरतात.

पायरी ५ : "बिघडली" म्हणजे नेमकं काय झालं?

विश्वासार्हतेचा वाद सुरू झाला की पहिला प्रश्न हा विचारा: गाडी रस्त्यात बंद पडली की स्क्रीन काळी झाली? दोन्हीला लोक "बिघडली" म्हणतात. सॉफ्टवेअरची कटकट वैताग आणते, पण टोइंग व्हॅन आणत नाही.

दुसरा प्रश्न: कुठली बॅटरी? इलेक्ट्रिक गाडीतही साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. दरवाजे, स्क्रीन, कंट्रोलर आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले तिच्यावर चालतात. ती मेली की पोटात तीस युनिट असूनही गाडी जागची हलत नाही. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही६ या गाड्या २०२४ मध्ये भारतातही परत बोलावल्या गेल्या, त्या आयसीसीयू नावाच्या भागासाठी. हाच भाग छोट्या बॅटरीला चार्ज करतो. म्हणजे ८०० व्होल्टच्या मोठ्या बॅटरीवर चालणारी अत्याधुनिक गाडी थांबण्याची भीती १२ व्होल्टमुळे होती. हे ऐकून हसू येतं, पण रात्री अकराला वारजे पुलावर येणार नाही.

मोठ्या बॅटरीच्या बाबतीत दोन जुन्या घटना माहीत असाव्यात. निसान लीफच्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला द्रवाची व्यवस्था नव्हती आणि अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात तिची क्षमता लवकर घसरली. तो रचनेतला निर्णय अंगाशी आला. २०२१ मध्ये शेव्हरोले बोल्टच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या, तेव्हा कारण सेलच्या उत्पादनातलं होतं: फाटलेला ॲनोड टॅब (वीज बाहेर नेणारी पट्टी) आणि दुमडलेला सेपरेटर (दोन ध्रुवांमधला पडदा), दोन्ही एकाच सेलमध्ये आले की आगीचा धोका. रचना चुकली की कारखान्यातलं काम चुकलं, हा फरक करता आला तर तुम्ही टपरीवरच्या निम्म्या तज्ज्ञांच्या पुढे गेलात.

आगीचा विषय निघणारच. २०२२ च्या मार्चमध्ये लोहगावात स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. त्या वर्षीच्या घटनांनंतर बॅटरीचे नियम कडक झाले, कारसाठी एआयएस-०३८ या सुरक्षा मानकाची दुसरी सुधारणा डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. स्कूटरच्या आगीचा दाखला कारच्या वादात देणाऱ्याला एवढं सांगा आणि पुढे जा.

वॉरंटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर ही जुनी चाल होती. आता 'लाइफटाइम' म्हणतात, पण टाटांच्या भाषेत ते पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं, आणि तेही पहिल्या खासगी मालकासाठी. जुनी गाडी घेणाऱ्याने हा मुद्दा दोनदा वाचावा आणि बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागावा. हाय व्होल्टेजचं काम शिकलेला माणूस सर्व्हिस सेंटरमध्ये एकच असतो आणि तो सुट्टीवर असतो, हा माझा ठाम पूर्वग्रह आहे. तुमच्या भागात किती जण आहेत, ते आधीच विचारून ठेवा.

पायरी ६ : कंपनीने काय घेतलं, काय सोडलं

"टाटांनी पेट्रोल गाडीत बॅटरी कोंबली" हे टीकाकारांचं आवडतं वाक्य. बरोबर आहे. पण २०१९ मध्ये कोना आली तेव्हा २५ लाखांच्या पुढे होती आणि नेक्सॉन १३.९९ लाखांपासून आली. तयार सांगाडा वापरला म्हणून ते जमलं. मोबदल्यात जागा गेली, बॅटरी लहान ठेवावी लागली, आणि पुढच्या चाकांवर झटकन येणारा टॉर्क ओल्या रस्त्यावर चाक घसरवायचा. बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची व्यवस्था मात्र त्यांनी सोडली नाही. लीफची गोष्ट आठवली तर हा निर्णय किती शहाणा होता ते कळेल. माझ्या मते त्या गाडीचं सगळ्यात कमी कौतुक झालेलं काम हेच.

महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई साठी पहिल्यापासून इलेक्ट्रिक असलेला 'इंग्लो' सांगाडा घेतला, मोटर मागे दिली, सपाट तळाशी मोठी बॅटरी ठेवली. चढावर वजन मागे सरकतं, त्यामुळे मागची चाकं घाटात जास्त पकड देतात. या गाड्या चाकणला बनतात, पण सेल बीवायडीचे. त्यावरून "चिनी माल" म्हणणाऱ्याने आपल्या आवडत्या कंपनीचे सेल कुठून येतात तेही तपासावं. सेलच्या बाबतीत आपल्याकडे फार थोड्यांचे हात कोरडे आहेत.

बॅटरीतलं रसायन एलएफपी असावं की एनएमसी, यावर रात्र सरते. थोडक्यात: एनएमसी तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा धरते, एलएफपी जास्त वेळा भरता येते आणि तापल्यावर लवकर भडकत नाही. एलएफपी कडाक्याच्या थंडीत मंदावते, पण पाषाणला दहा अंश झाले म्हणून स्वेटर काढणाऱ्या गावात हा मुद्दा मांडू नये. तिचा खरा दोष वेगळा आहे. चार्ज कमी झाला तरी तिचा व्होल्टेज बराच काळ जवळपास तसाच राहतो, त्यामुळे टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकत जातो. म्हणून कंपन्या अधूनमधून शंभर टक्के भरायला सांगतात. एनएमसीवाल्याने रोज ऐंशीवर थांबावं. दोघांनी एकमेकांना सल्ला दिला की दोघांचंही नुकसान.

८०० व्होल्टचा फायदा वेगवान चार्जिंगचा. तुमच्या नेहमीच्या वाटेवर तसा चार्जर नसेल तर तो कागदावरच राहतो. आणि सगळी बटणं काढून एसीसुद्धा स्क्रीनमध्ये घालणं यात कंपनीचे पैसे वाचतात, चालकाचं लक्ष जातं. याला प्रगती म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पायरी ७ : स्वतःचा आकडा आणा

टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या मागच्या गल्लीत चक्कर मारून परतू नका. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून खेड शिवापूरकडे जा आणि त्याच वाटेने परत या. जाता-येता दोन्ही धरलं की चढ-उताराचा हिशोब बराचसा कटतो. निघताना ट्रिप मीटर शून्य करा, टक्के लिहून घ्या, एसी रोज ठेवता तसा ठेवा. जाता-येता वेग सारखाच ठेवा, आणि दोन्हीचा मिळून खप नोंदवा. घरातल्या सगळ्यांत उंच माणसाला मागे बसवा: बॅटरी तळाशी असल्याने काही गाड्यांत गुडघे वर येतात, आणि हे कोणत्याच पत्रकात लिहिलेलं नसतं. स्टेपनी आहे की नुसता पंक्चर किट, तेही डिकी उघडून बघा.

शोरूमवाले गाडी पूर्ण चार्ज करून ठेवतात, त्यात त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण आदल्या दिवशी फोन करून ऐंशीच्या आसपास ठेवायला सांगा, नाहीतर रिजन कसं लागतं ते कळणारच नाही.